पोटातली साडेतीनशे चौरस फुटांची फरशी

फरशी बसवणाऱ्या त्या मिस्त्रीला धंद्यातले लोक ‘कानवाला’ म्हणत. बसवलेल्या टाइलवर बोटाचं पेर वाजवून तो सांगायचा, “हिच्याखाली माल कमी पडलाय, पोकळ आहे, काढा.” उचलून बघावं तर खरंच तळहाताएवढी जागा कोरडी. या कौतुकानं माणूस इतका फुगला होता, की आपण घरातही बोलतो कमी आणि ऐकतो जास्त, असा त्याचा समज झाला होता. बायकोला विचारलं असतं तर तिनं वेगळं सांगितलं असतं. पण तिला कोणी विचारलं नाही, त्यानं तर नाहीच नाही. पुढं स्वतःची फजिती लोकांना सांगताना मिस्त्री सुरुवात नेहमी इथूनच करायचा. “कान मोठे म्हणजे अक्कल मोठी असं नसतं,” म्हणायचा, “गाढवाकडे बघा.”

फरशीवाला खोलीत पायांनी शिरतो आणि गुडघ्यांनी बाहेर येतो. मागच्या भिंतीपासून सुरुवात करायची, सिमेंटचा माल पसरायचा, टाइल ठेवायची, रबरी हातोडीनं ठोकायची, मध्ये प्लास्टिकचे फुलीसारखे तुकडे लावून दोन टाइल्समधली फट, म्हणजे दरज, सारखी ठेवायची, आणि असं मागं मागं सरकत दारापाशी यायचं. मिस्त्री सव्वीस वर्षं असा उलटा चालत होता. बरोबरीच्यांनी एकेक करून काम सोडलं. कोणी रंगकामाला लागलं, कोणी घरी बसलं. मिस्त्री मात्र चारचौघांत मांडीवर थाप मारून सांगायचा, “आपल्या गुडघ्यांना तक्रार करायची सवयच नाही.”

बायकोच्या थोरल्या भावाचं टाइल्सचं दुकान होतं. त्यानं दोनदा सांगून पाहिलं होतं, “भाऊजी, गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला जाणता माणूस हवा. खुर्ची आहे, पंखा आहे, या.” मिस्त्रीला ते खुर्ची-पंख्याचं बोलणं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घातल्यासारखं वाटलं. शेवटी बायकोनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की गुडघे दुखायला लागले की त्या दिवसापासून दुकानात. “दुखले तर ना!” मिस्त्री ऐटीत म्हणाला. गुडघे त्या वेळीसुद्धा दुखत होते.

मग गोळ्या सुरू झाल्या. सकाळी कामावर पोचलं की उपाशीपोटी दोन, दुपारी चहाबरोबर एक. औषधवाला ओळखीचा, तो चिठ्ठी मागत नसे. पाकिटं मिस्त्री त्या प्लास्टिकच्या फुल्यांच्या डब्यात तळाशी ठेवायचा, कारण जगात तेवढ्या एका डब्याला त्याची बायको हात लावत नव्हती. अशी पाच वर्षं गेली. गोळी घेतली की अर्ध्या तासात गुडघे गप्प व्हायचे आणि मिस्त्री बोलायला लागायचा.

तिसऱ्या वर्षी पोटानं तोंड उघडलं. आधी गच्च व्हायचं, मग जळजळ, मग जेवण झालं की मुरडा. आता याचं खापर कुठंतरी फोडायला हवं होतं, आणि सगळ्यात जवळ होता तो बायकोचा स्वयंपाक. मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशी सगळी मंडळी मेहुण्याकडे जेवायला बसली होती, भाजी-आमटी बायकोनंच केली होती. मिस्त्रीनं ताट पुढं सरकवलं आणि दहा-बारा माणसांत मोठ्यानं म्हणाला, “मला नको. हिच्या हातचं तिखट खाऊन खाऊन माझ्या आतड्यांची चाळण झालीये.” मंडळी हसली. बायकोही हसली. एवढी दाद मिळाल्यावर मिस्त्रीनं तोच विनोद आणखी दोनदा केला.

दुसऱ्या दिवसापासून घरात मिरची यायची बंद झाली. मग तेल कमी झालं, मग मसाल्याचा डबा वरच्या फळीवर गेला, मग आंबट गेलं. त्याच्यासाठी वेगळं आणि आपल्यासाठी वेगळं करण्याचा कंटाळा म्हणून नव्हे, तर त्याला समोर बसून फिकं खावं लागतं हे तिला बघवेना, म्हणून तीही तेच खाऊ लागली. पोट काही बरं झालं नाही. यावरून कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं की दोष तिखटाचा नाही. मिस्त्रीनं त्यावरून असं ताडलं की ही अजून चोरून काहीतरी घालते.

अशी दोन वर्षं गेली आणि मग ताप यायला लागला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, सकाळी घाम सुटायचा. पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. उजव्या बरगडीखाली जड जड वाटू लागलं. बायकोनं आता त्याचं काही चालू दिलं नाही आणि त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी त्याला आडवं केलं, डावा हात पोटावर ठेवला आणि त्यावर उजव्या हाताचं बोट ठकठक वाजवत खाली खाली आल्या. मिस्त्रीची कळी खुलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या धंद्यातलं माणूस भेटलं होतं.

“मॅडम, इथं पोकळ आहे,” तो पडल्या पडल्या म्हणाला. बोट उजवीकडे बरगडीखाली आलं. “आणि इथं माल भरलाय.”

बाई हसल्या. “बरोबर ऐकलंत. इथं यकृत असतं. पण ते इतकं खाली यायला नको, ते सुजलंय.” मग त्यांनी उठवून बसवलं आणि विचारलं, “दुखण्यावरच्या गोळ्या घेता का काही?”

शेजारच्या खुर्चीत बायको बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. मिस्त्रीनं बाईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. “डोकं दुखलं तर एखादी,” तो म्हणाला. बाईंनी ते लिहून घेतलं.

“आणि जेवण?”

“मीच करते,” बायको म्हणाली. पोलिसानं नाव विचारावं तसं तिनं ते सांगितलं. “तिखट अजिबात नाही घालत, मॅडम.”

बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कागद पालटला आणि पाठीमागे एकाला एक लागून चौकोन काढले. म्हणाल्या, “आतड्याला आतून असं अस्तर असतं. एकाच पेशीच्या जाडीचं, पेशीला पेशी लागलेली, मधल्या फटी बंद. अस्तराच्या अलीकडे, अन्नाच्या बाजूला, कोट्यवधी जंतू राहतात. ते शत्रू नाहीत, अन्न पचवायला मदत करतात, अस्तराला खुराक देतात. फक्त त्यांनी अलीकडेच राहायचं. फटी सैल झाल्या की ते पलीकडे रक्तात जातात. आतड्यांतलं रक्त आधी यकृतात येतं, त्यामुळे पहिला मार यकृत खातं. थोडे आले तर ते निस्तरतं. रोज येत राहिले तर सूज, ताप, कधी गळूसुद्धा. तुमचं हेच आहे असं मी आत्ता म्हणत नाही. रक्त तपासू, सोनोग्राफी करू.”

मिस्त्री चौकोनांकडे डोळे लावून बसला होता. “म्हणजे टाइल्स आणि दरजा,” तो म्हणाला. “एकूण किती चौरस फूट असेल?”

बाईंना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा. “मोजणाऱ्यांचे आकडे वेगवेगळे आहेत,” त्या म्हणाल्या. “सगळ्या घड्या उलगडल्या तर साडेतीनशे धरा.”

“दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. चार दिवसांचं काम,” मिस्त्री म्हणाला.

“फटी सैल होतात त्या दारूनं, मोठ्या आजारपणानं, दुखण्यावरच्या गोळ्यांनी,” बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे पाहत थांबल्या. मिस्त्रीला तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर फार आवडलं. “ठीक आहे. रक्त आज द्या, सोनोग्राफीला चौथ्या दिवशी या. साधं जेवा, भरपूर पाणी प्या, ताप वाढला तर वाट न बघता या.”

आता खरं म्हणजे इथं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की दोन वर्षांचा तो चाळणीचा विनोद अंगावर येणार, मेहुण्याची खुर्ची येणार, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसलेली ती बाई आपल्याकडे बघणार. मिस्त्रीला जिवापेक्षा त्या बघण्याची भीती जास्त वाटली. त्यानं ठरवलं, नाहीतरी काम आपल्याच धंद्यातलं आहे, आपणच करून टाकू.

जुन्या बाथरूमच्या दरजा झिरपायला लागल्या की मिस्त्रीची एक रीत होती. आधी सगळं खरवडायचं. मग ॲसिड मारून धुवायचं, म्हणजे शेवाळ, किडे, जे काही असेल ते मरतं. मग दोन दिवस कोरडं ठेवायचं, कोणी पाय ठेवायचा नाही. मग भरायचं. ही रीत त्यानं जशीच्या तशी पोटाला लावली. पहिल्या दिवशी खरवडण्यासाठी जुलाबाच्या दुप्पट गोळ्या घेतल्या. किडे मारायला बायकोच्या दाढेच्या वेळच्या सहा कॅप्सुला घरात उरल्या होत्या, त्या दीड दिवसात संपवल्या. मग कोरडं ठेवायला जेवण बंद. घरून डबा न्यायचा आणि परतताना कुत्र्याला घालायचा. एवढं सगळं त्यानं अगदी नेटानं पाळलं. बंद केल्या नाहीत त्या फक्त गुडघ्याच्या गोळ्या, कारण एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या घराची शेवटची खोली राहिली होती आणि हातातलं काम अर्धवट सोडण्यातला तो नव्हता. घर गळतंय म्हणून कौलं, वासे, भिंती सगळं उतरवावं आणि वर जो भोकं पाडतोय त्याला चहा पाजावा, तसा हा प्रकार. स्वतःचं हे डोकं आठवलं की मिस्त्री नंतर म्हणायचा, “असला कारागीर मी माझ्या कामावर एक दिवस ठेवला नसता.”

चौथ्या दिवशी सकाळी तो ती खोली संपवत संपवत मागं सरकत दारापर्यंत आला. उंबऱ्यापाशी शेवटची टाइल ठोकली आणि उठायला गेला तर उठताच येईना. खोली गोल फिरली. तो पुढं कोसळला, तो थेट ओल्या मालावर. मास्तरीणबाई धावत आल्या, तर मिस्त्री थंडीनं दात वाजवत पुटपुटत होता, “बाई, तीन टाइल्स हलल्या. मला नंतर आठवण करा.”

सोनोग्राफी झाली ती मग इस्पितळातच, त्याला आडवं नेऊन. यकृतात लिंबाएवढं गळू झालं होतं. बरगड्यांमधून सुई घालून ते काढलं, नळी ठेवली, हाताला सलाईन लावलं. दोन दिवस मिस्त्रीला काही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले, समोरची भिंत पाहिली आणि पहिला विचार आला की टाइल्स खालून तिसऱ्या ओळीत चुकल्यात. म्हणजे माणूस शुद्धीवर होता.

डॉक्टरीणबाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. “तपासणीला दिलेल्या गळूतल्या पाण्यात जंतू नीट उगवत नाहीयेत,” त्या म्हणाल्या. “त्यामुळे नेमकं औषध ठरवता येत नाही. ताप पुन्हा चढतोय. इथं येण्याआधी कुठलं औषध घेतलं होतं? मला खरं सांगा, ह्यात जीव जाऊ शकतो.”

मिस्त्रीनं तोंड उघडायच्या आधीच बायको पुढं झाली. तिच्या हातात एक कागद होता, वहीच्या पाठकोऱ्या पानाचा.

“मॅडम, माझंच काहीतरी चुकत असणार,” ती म्हणाली. “मी सगळं लिहून आणलंय. मिरची बंद केली, मसाला बंद केला, आंबट, तळलेलं, लसूणसुद्धा बंद केला. दोन वर्षं झाली. तरी माझ्या हातचं यांना बाधतंच. आता अजून काय बंद करू ते सांगा. नाहीतर मी खानावळीचा डबा लावते. माझ्या हातून यांना काही व्हायला नको.”

मिस्त्रीनं तो कागद पाहिला. अक्षर नीट, एकाखाली एक, शेजारी तारखा. आपण किती हलकट आहोत हे माणसाला एकदम कळतं तेव्हा विनोद सुचत नाही.

“गोळ्या,” तो म्हणाला. “मॅडम, गोळ्या. गुडघ्यांसाठी. सकाळी दोन, दुपारी एक. उपाशीपोटी. पाच वर्षं, रोज.” मग एकदा तोंड उघडल्यावर जुलाबाचं, कॅप्सुलांचं, कुत्र्याला घातलेल्या डब्याचं, सगळं सांगितलं. “हिचं काही नाही. हिचं कधीच काही नव्हतं.”

बाईंनी कॅप्सुलांचं नाव विचारून घेतलं, नर्सला सांगून एक औषध बदललं आणि त्या त्याच्याकडे वळल्या. “मिस्त्री, तुम्ही आत काय भरायला निघाला होतात? ते अस्तर जिवंत आहे. दर चार-पाच दिवसांनी ते स्वतःला पूर्ण नव्यानं बसवून घेतं. साडेतीनशे चौरस फूट, वरून रहदारी चालू असताना. त्याला फक्त अन्न लागतं आणि ते चांगले जंतू लागतात. तुम्ही अन्न तोडलंत, चांगल्यांना हाकललंत आणि जो भोकं पाडतो त्याला ठेवून घेतलंत. गोळ्यांनीच झालं असं शपथेवर मी सांगणार नाही, पण पाच वर्षं रोज तीन ऐकल्यावर मी दुसरीकडे कशाला शोधू?” मग त्या बायकोकडे वळल्या. “आणि ताई, तुमच्या स्वयंपाकानं यकृतात गळू होत नाही. तो कागद फाडून टाका.”

बायकोनं तो फाडला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. ती बऱ्याच वेळानं आली.

औषध लागू पडलं, ताप उतरला, आठवड्यानं नळी निघाली. या सगळ्या दिवसांत तिनं त्याचं अंग पुसलं, डबा भरवला, पण कामापुरतंच बोलली. शेवटी एका दुपारी मिस्त्री म्हणाला, “अगं, चुकलं माझं.”

“मला कशाला सांगताय?” ती खाली बघत डब्याची झाकणं लावत होती. “तुम्ही बोललात तेव्हा मी एकटी होते का तिथं?”

मिस्त्रीला कळलं. तेवढं ऐकायला कान त्यानं आजारपणात कमावले होते.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी दोघं मेहुण्याकडे जेवायला गेले. तेच जेवणाचं टेबल, जवळजवळ तीच माणसं. मिस्त्री काठी टेकून बसला. त्याचा शर्ट त्याला आता थोरल्या भावाचा घातल्यासारखा दिसत होता. वाढून झालं. तीन फुटी लाद्या खांद्यावरून चार मजले चढवलेला माणूस, एक वाक्य उचलता उचलेना. सवयीनं आधी विनोदच बाहेर आला. “डॉक्टर म्हणाल्या, तुमचं पोट तुमच्यापेक्षा चांगला मिस्त्री आहे.”

कोणी हसलं नाही. सगळ्यांना वाटलं, अजून अशक्तपणा आहे.

“दादा, ऐका,” मग तो म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर मी बोललो होतो, हिच्या हातच्या तिखटानं माझ्या आतड्यांची चाळण झाली. ते खोटं होतं. चाळण मी केली. गुडघ्यांसाठी गोळ्या खात होतो, हिच्यापासून लपवून, पाच वर्षं. हिच्या स्वयंपाकात काही खोट नव्हती, मी उगाच नावं ठेवली. आणि ही बिचारी दोन वर्षं अळणी खात बसली.”

मेहुण्यानं घास खाली ठेवला. “म्हणजे गुडघे दुखतात?”

“दुखतात, दादा. फार दुखतात.” हे बोलताना मिस्त्रीला लाज वाटायला हवी होती, पण वाटला तो नुसता थकवा. “खुर्ची असेल तर येतो मी सोमवारपासून.”

मेहुणा काही म्हणणार तेवढ्यात त्याची बायको, वहिनीच बोलल्या. वहिनी शांत बाई, पण त्या दिवशी आवाज चढला. “आता बोललात ते बरं झालं, भाऊजी. ह्या घरात कुठलंही जेवण असू दे, फोडणी ताईंचीच असायची. त्या दिवसानंतर ताई येतात, भाज्या चिरतात, भांडी विसळतात. गॅसपाशी उभ्या म्हणून राहत नाहीत. मी म्हटलं, चव तरी बघा. तर म्हणाल्या, माझी जीभ बिघडलीये, वहिनी, मला नाही कळत.”

मिस्त्री बायकोकडे बघत राहिला. दोन वर्षांत दहा वेळा तरी तो या टेबलावर जेवला होता. त्याला हे दिसलं नव्हतं.

ती मान खाली घालून भात कालवत होती. तिनं एक घास घेतला, सावकाश चावला, आणि वाटीतल्या भाजीत बोट बुडवून पुन्हा चाखलं.

“वहिनी,” ती म्हणाली, “भाजीत मीठ कमी आहे.” आणि उठून आत गेली.